कंडक्टरमामांचा समुद्र

आमच्या चर्चमध्ये उपासना पाळकसाहेब सुरू करत नसत, कंडक्टरमामा सुरू करत. रविवारी सकाळी साडेनऊला ते मुख्य दारात उभे राहत. एकदा आत नजर टाकत, एकदा बाहेर फाटकापर्यंत नजर टाकत आणि मग लाकडी दारावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकत. ही एस.टी.ची डबल बेल. ती ऐकू आल्याशिवाय पाळकसाहेबांच्या तोंडून प्रार्थनेचा पहिला शब्द निघत नसे. नवीन पाळक बदलून आले की पहिले दोन रविवार त्यांना हा प्रकार जरा अपमानाचा वाटे. तिसऱ्या रविवारी तेही मान उंचावून दाराकडे बघू लागत.

मामा एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली तरी गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. आमच्या मंडळीला मागच्या बाकांची भारी ओढ. पुढचे चार बाक रिकामे ठेवून सगळे मागे खेटून बसणार. मामा मधल्या वाटेने फिरत, खांद्याला हात लावत आणि पाळकांच्या आवाजाला न जुमानता सांगत, "पुढं सरका, पुढं सरका. पुढं लई जागा हाय. दारात गर्दी करू नगा." एकदा एक पाहुणे बिशप थोडे उशिरा आले आणि संकोचाने मागेच टेकले. मामांनी त्यांनाही सरकवत सरकवत पुढच्या बाकापर्यंत नेले. कोण आहेत ते कळल्यावरही मामांना काही वाटले नाही. "साहेब असले तरी दारात बसल्यावर मागच्यानं चढायचं कुठून?" असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच कायम असे. तिकिटाची मशीन आल्यावर तो त्यांनी आठवण म्हणून जवळ ठेवला होता. मन अस्वस्थ झाले की तो ते खिशातल्या खिशात दाबत. प्रवचन लांबले की अख्ख्या चर्चला खटखट ऐकू येई आणि पाळकसाहेब आपोआप शेवटच्या मुद्द्यावर येत.

पण मामांचे खरे वेड माणसे मोजण्याचे. सहल असो, लग्नाचे वऱ्हाड असो, माणसे पुरी झाल्याशिवाय गाडी हलता कामा नये. एकदा मुकुंदवाडी स्टेशनासमोर जालन्याला जाणारे वऱ्हाड त्यांनी पाऊण तास अडवून धरले होते, कारण एक म्हातारी मिश्री आणायला गेली होती. नवऱ्या मुलाचा बाप कासावीस होऊन म्हणाला, "मामा, मुहूर्त नसला तरी पाळकसाहेब तिकडं ताटकळू लालेत!" मामा शांतपणे म्हणाले, "नवरदेव हाय, करवल्या हायेत, पण शेवंताबाई नाय. एक माणूस जरी ऱ्हायलं तरी त्याला वऱ्हाड म्हणत नसतेत." गाडी शेवंताबाईंना घेऊनच निघाली.

ते आईच्या गावचे, म्हणून आमचे मामा. आणि आमचे मामा म्हणून साऱ्या मंडळीचे मामा. बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर आमच्या घराला जे काही पुरुषमाणसाचे लागते ते सगळे मामांनी केले. मी बीडला बी.एड.ला होते, तेव्हा मामांची ड्यूटी बीडच्या गाडीवर होती. दर गुरुवारी ते आईचा डबा आणत. मी स्टँडवर पोचले नसेन तर ड्रायव्हरला थांबवून ठेवत आणि मी धापा टाकत आले की सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हणत, "घे माय. तुझ्या मेथीपायी चाळीस माणसं खोळंबलीत." मी लाजेने मरून जाई. 

आता माझी आणि ताईची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मामा अर्धेच कळतील.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नर्स आहे. आई तिच्याकडे मुकुंदवाडीला राहायची. मी लग्न होऊन हर्सूलला आले. (हर्सूलला राहते म्हटले की लोक अजूनही विचारतात, "आत की बाहेर?" तुरुंगामुळे हा विनोद आम्हाला जन्मभर पुरला आहे.) आई गेली तेव्हा मी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी नागपूरला होते. सकाळी नऊला ताईचा फोन आला, तशी मी मिळेल ती गाडी धरून निघाले. मे महिना होता, ऊन मी म्हणत होते. मेहकरच्या पुढे गाडी बंद पडली. मोबाइलची बॅटरी संपली. रस्त्यात हात करत, गाड्या बदलत मी शहरात उतरले, तेव्हा संध्याकाळचे पावणेआठ झाले होते. रिक्षाने ताईच्या घरी पोचले. दारात चपलांचा ढीग होता, आत सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि आईची खाट रिकामी होती. कबरस्तानात माती साडेपाचलाच झाली होती.

"माझ्यासाठी एक रात्र थांबता आलं नाही?" मी सगळ्यांसमोर ताईला विचारले.

"नाही आलं," ती म्हणाली.

दोनच शब्द. त्यांवर आमचे बोलणे थांबले ते तीन वर्षे थांबले. मी तापट आहे, हे मी नाकारत नाही. पण आईचा चेहरा शेवटचा न पाहण्याचे दुःख रागावून असल्याशिवाय मला पेलत नव्हते, हेही तितकेच खरे.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. लोक त्याला नुसते 'मेज' म्हणतात. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल त्याने मेजाला जाऊ नये, आधी जाऊन समेट करावा, अशी शिकवण. बहुतेक लोक अढीसकट जातात, पण मला ते जमले नाही. ताई गायकवर्गात पुढे बसायची, मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. मेजाची वेळ झाली की सगळे रांगेने पुढे जात आणि मी एकटी बसून राहत असे. बसून राहणारे माणूस सगळ्यांना दिसते. तीन वर्षे मी तशी दिसत राहिले.

मामा दारात उभे राहून मेजाला गेलेली माणसे बोटांवर मोजत. उपासना सुटल्यावर फाटकाशी मला गाठून हळूच म्हणत, "आज बी एक शीट रिकामं गेलं, माय."

"तुम्ही तुमचं दार सांभाळा, मामा," मी तोडून टाकत असे.

खिशात पंच वाजे. मला वाटे, म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची सवय आहे, दुसरे काय!

नाताळानंतरच्या सभेत वार्षिक शिबिराचा विषय निघाला. आमचे शिबिर म्हणजे म्हैसमाळ, नाहीतर पैठण. त्या वर्षी मामा उभे राहिले. "मी लहानपणापसून चर्चमधी होड्यांच्या, वादळाच्या, कोळ्यांच्या गोष्टी ऐकू लालो. जाळी टाका, जाळी वढा, सगळं पाठ हाय. पण समुद्र? तीस वर्षं गाडीवर काढली, सिल्लोड, पैठण, बीड, लई झालं तर नगर. समुद्राकडं जाणारी ड्यूटी मला कधी लागलीच नाय. इथं कुणाकुणाला समुद्र म्हाईत हाय, हात वर करा." अर्ध्याहून जास्त हात खालीच राहिले. "मंग? वर गेल्यावर बघायचा का?" सभेत हशा पिकला आणि शिबिर कोकणात ठरले. शुक्रवारी पहाटे निघायचे, रविवारी दुपारी परत. सगळ्या व्यवस्थेची जिम्मेदारी मामांनी स्वतःहून घेतली.

यादीत ताईचे नाव दिसल्यावर मी माझे दिले नाही. मामा दोन बस बदलून हर्सूलला माझ्या घरी आले. स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "तू आली नाय तर मी बी नाय."

"ताई येतेय ना? तिला न्या की."

"दोघीबी पायजेत."

"मामा, समेट करायचा असला काही डाव असेल तर आत्ताच सांगा. मी उतरून परत येईन, भले ताम्हिणी घाट का असेना."

"डाव नाय, माय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर देईनात. "मला लई जड झालंय. तू ये."

काय जड झाले आहे ते मी विचारले नाही. पण मामांनी जन्मात माझ्याकडे काही मागितले नव्हते. मी हो म्हणाले.

मला खात्री होती की बसमध्ये ते आम्हा दोघींना शेजारी बसवणार. त्यांनी तसे काहीच केले नाही. ताई पुढे, मी सगळ्यात मागे. चहाला थांबल्यावर दर वेळी माणसे दोनदा मोजून झाली, डबल बेल झाली. पण एरवी गाडीत अखंड बडबडणारे मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. कधी नव्हे तो पंच एकसारखा वाजत होता. एका बाईंनी शेवटी हात जोडले, "मामा, तेवढं थांबवा. डोकं उठलं."

संध्याकाळी आम्ही त्या किनाऱ्यावरच्या गावात पोचलो. नारळी-सुपारीच्या वाडीत दोन घरे आणि एक पडवी आम्हाला राहायला दिली होती. सामान टाकून सगळे पाण्याकडे धावले. मामा धावले नाहीत. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, विजारीचे पाय नीट दुमडले आणि चर्चमध्ये शिरावे तसे हळूहळू चालत गेले. बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग वाकून एक ओंजळ तोंडात घेतली, थुंकली आणि म्हणाले, "खोटं नव्हतं म्हणा. खरंच खारं हाय."

आमची यजमानीण, त्या घराच्या वहिनी, गंमत बघत उभ्या होत्या. मामांनी त्यांना विचारले, "बाई, इथं ह्ये पाणी रोज येतं का?"

"म्हणजे काय? दिवसातून दोनदा येतं," त्या म्हणाल्या. त्या भरतीबद्दल बोलत होत्या.

मामा आमच्याकडे वळले. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा वार पाठ करावा लागतो त्या शहरातले आम्ही पस्तीसजण. "ऐकलं का? दिवसातून दोनदा! अन् आपण जायकवाडी उशाला घेऊन टँकरची वाट बघू लालो." वाळूत बसून आम्ही पोट धरून हसलो. मी हसले, पलीकडे ताई हसली, आणि दोघींनी लगेच तोंडे फिरवली.

रविवारच्या उपासनेचा कार्यक्रम मामांनी स्वतः आखला होता. छापील पत्रकावर लिहिले होते: 'सकाळी साडेसहा. समुद्रातून उगवत्या सूर्यासमोर उपासना व प्रभुभोजन.' हे पत्रक महिनाभर सगळ्यांच्या हातात होते. पाळकसाहेबांनी ते चर्चमध्ये दोनदा वाचून दाखवले. आमच्यात दोन इंजिनिअर होते, एक निवृत्त तहसीलदार होते, आणि मी. मी भूगोल शिकवते. बावीस वर्षे मी मुलांना नकाशा भिंतीवर टांगून अरबी समुद्र कुठल्या दिशेला आहे ते विचारत आले आहे, आणि न सांगता येणाऱ्याला उभे केले आहे.

यावर कडी म्हणजे शनिवारी संध्याकाळी आम्ही सर्वांनी तोच सूर्य त्याच समुद्रात बुडताना पाहिला. फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. वहिनींनी मामांना विचारलेही, "उद्या सकाळी पुन्हा इथेच बसणार? सकाळी कशाला?" मामा म्हणाले, "सकाळी उपासना असती आमची." चर्चच्या लोकांची काही वेगळी पद्धत असेल, असे समजून त्या गप्प बसल्या. आणि आम्ही? प्रत्येकाला वाटत होते, दुसऱ्या कुणीतरी विचार केलेला असेल.

तर रविवारी साडेसहाला आम्ही समुद्राकडे तोंड करून सतरंज्यांवर बसलो. मामांनी सवयीप्रमाणे पुढे सरकवले. ताई गायकवर्गाबरोबर सगळ्यात पुढे, मी सगळ्यात मागे. पहिले गाणे झाले, दुसरे झाले. पाळकसाहेब उगवत्या प्रकाशाबद्दल प्रार्थना करून थांबले आणि समुद्राकडे बघू लागले. आम्हीही बघत होतो. उजाडले. कावळे ओरडले. समुद्र आपला होता तसाच राखाडी. पाळकसाहेबांनी आणखी एक गाणे घ्यायला सांगितले. तेही संपले. मामा घड्याळ बघत होते.

तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. त्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. "अहो, तुमची वाट बघून झाली असेल तर सांगते. तो इकडून येतो. डोंगरावरून. तुमच्या पाठी आलाय बघा."

आम्ही वळून बघितले. माडांच्या शेंड्यांमधून चांगला हातभर वर आलेला सूर्य आमच्या पाठीवर होता. सगळ्यात आधी तहसीलदार फुटले आणि मग जे हसू सुरू झाले ते थांबेना. पाळकसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. कुणीतरी ओरडले, "भूगोलाच्या बाई कुठायत?" मी पदरात तोंड लपवले.

मामा मात्र हसले नाहीत. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "चूक मपली हाय. पत्रक मी लिवलं. उठा सगळे, तोंडं फिरवा." सतरंज्या तशाच राहिल्या, माणसे फिरली. त्यामुळे झाले असे की पुढचे मागे गेले आणि शेवटच्या रांगेत दडून बसलेली मी सगळ्यांच्या पुढे आले. माझ्यापुढे कुणी नव्हते. मामा मेजाचे टेबल उचलून या बाजूला आणत होते. प्लास्टिकचे टेबल, त्यावर पांढरा कपडा, तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड.

मेजाच्या आधी साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केले ते ज्याला वाटेल त्याने उठून सांगायचे. मामांनी कधीही साक्ष दिली नव्हती. कंडक्टरने गाडीत आपले घरचे सांगत बसू नये, असे ते म्हणत. त्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारले आणि मामा टेबलाशेजारी उभे राहिले. मी हाताच्या अंतरावर होते. खिशातला पंच वाजत होता. मग तो थांबला.

"एक गल्लत तुमी सगळ्यांनी आत्ताच बघितली," ते म्हणाले. "सूर्य पाठीशी, अन् मी तुमाला म्होरं बघा म्हणायलो. लोक हसले, बरं झालं. पण अजून एक गल्लत हाय. ती तीन वर्षं झाली, कुणी बघितली नाय. ही बेबी," त्यांनी माझ्याकडे हात केला, "हिच्या आईची, शांताबाईची माती. बेबी नागपूरहून निघालती. फोन लागंना. हिची बहीण म्हणायली, मामा, बेबी येस्तवर थांबू. रात झाली तर रात, सकाळ झाली तर सकाळ. माझे पाय धरले तिनं. मी नाय म्हणलो."

मागे कुणीतरी खोकले. मामा थांबले नाहीत.

"उन्हाळा व्हता. बर्फ मिळंना, बर्फाची पेटी मिळंना. दुपारनंतर शांताबाईकडं बघवंना. पोरीनं मायला तसं बघू नये, असं मला वाटलं. आजबी तसंच वाटतं. पण ठरवलं मी. बेल मी दिली, अन् नाव तिच्या बहिणीवर गेलं. जन्मभर माणसं मोजली मी. एक माणूस कमी व्हतं, अन् ते म्हाईत असून मी गाडी सोडली."

"मंग तीन वर्षं काहून बोललो नाय? भ्यालो. ही पोरगी मला बापाच्या जागी मानती. मी तिच्या बहिणीला म्हणलो व्हतो, मी सांगतो तिला. तर ती म्हणली, 'नका सांगू मामा. तिला आता आई नाय, बाबा नाय. तुमीबी तिच्या मनातून उतरलात तर तिला कोण हाय?' म्या तिचं ऐकलं. बराबर व्हतं म्हणून नाय. सोयीचं व्हतं म्हणून ऐकलं. बेबी, माफ कर म्हणायची बी मला लाज वाटती."

मी उठले. कुणाकडेही न बघता टेबलाला वळसा घालून, मग सतरंज्यांच्या कडेने पाण्याकडे चालत गेले. लोकांना वाटले असेल मी रडते आहे. मी संतापले होते. मामांवर संतापले होते, ताईवर संतापले होते, आणि सगळ्यात जास्त त्या तीन वर्षांवर. लाटेने साडी पोटरीपर्यंत भिजली तेव्हा मी थांबले. थोड्या वेळाने ताई शेजारी येऊन उभी राहिली.

"तू का नाही सांगितलंस?" तीन वर्षांतले माझे तिच्याशी हे पहिले वाक्य.

"तू कुठे विचारलंस? तू विचारलंस थांबता आलं नाही का. मी म्हटलं, नाही आलं. खरं तेच सांगितलं."

"सगळ्या नातेवाइकांनी तुला नावं ठेवली. मी ठेवली. तू ऐकून घेतलंस."

"मी मोठी आहे," ती म्हणाली. एवढेच कारण तिला पुरेसे वाटत होते.

मला एकच विचारायचे होते आणि ते विचारायला तोंड उघडत नव्हते. शेवटी विचारले, "कशी दिसत होती गं आई?"

"सकाळी छान दिसत होती. झोपल्यासारखी. तू तेवढंच धर," ताई म्हणाली, आणि मग आम्ही दोघी तिथे पाण्यात उभ्या राहून जे रडलो, ते तीन वर्षांपूर्वी रडायचे राहिले होते.

परत आलो तर उपासना तशीच थांबलेली. पाळकसाहेब मेजामागे हात जोडून उभे, आणि सगळी मंडळी मामांकडे बघत होती. मामा बेल द्यायला तयार नव्हते. आता कुठल्या तोंडाने बेल देऊ, असे म्हणाले असावेत. मी मेजापाशी गेले आणि म्हणाले, "द्या मामा. आम्ही दोघी आलोय." त्यांनी बोटाच्या पेराने प्लास्टिकच्या टेबलावर दोनदा ठोकले. मी ताईच्या मागे रांगेत उभी राहिले. भाकरीच्या तुकड्यात वाऱ्याबरोबर आलेली वाळू होती. ती दाताखाली कचकचली. मी ती तशीच गिळली.

परतीच्या प्रवासात ताई मागे माझ्याशेजारी येऊन बसली. घाटाच्या पायथ्यापासून तिने सांगायला सुरुवात केली आणि सांगत राहिली. त्या दिवशी आईने पहाटे चहा मागितला होता, दोन घोट घेऊन साखर कमी आहे म्हणाली होती. माझे प्रशिक्षण कधी संपते ते विचारले होते. मला नेसवायला हिरवी साडी नको, ती बेबीला ठेव, म्हणाली होती. ती साडी ताईने तीन वर्षे कपाटात माझ्यासाठी ठेवली होती. आईचा शेवटचा दिवस असा मला त्या बसमध्ये, तीन वर्षे उशिरा का होईना, मिळाला. मामा बोलले नसते तर तो ताईच्या पोटातच राहिला असता.

म्हणून लगेच सगळे गोड झाले असे नाही. महिना-दीड महिना मी मामांशी नीट बोलले नाही, हे कबूल करायला हवे. चर्चमध्ये ते दारात "सलाम, माय" म्हणत, मी "सलाम" म्हणून पुढे जाई. त्यांनी एकदाही विनवणी केली नाही, ताईला मध्ये घातले नाही. माझा राग माझा हक्क आहे आणि तो संपायला लागेल तेवढा वेळ लागू द्यावा, इतके त्या माणसाला कळत होते. मग एका गुरुवारी मी मेथीची भाजी केली, डबा भरला आणि मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेले. मामींच्या माघारी ते एकटेच राहत. त्यांनी डबा उघडला, बघितला आणि जेवायला बसले. जेवून झाल्यावर म्हणाले, "मीठ जरा जास्त पडलंय." मी म्हणाले, "खाऊन झाल्यावर सांगताय?" त्या दिवशी आमचे जुळले.

पुष्कळ लोक मला म्हणाले, मामांनी ते सगळ्यांसमोर सांगायला नको होते, घरी बोलावून सांगितले असते तरी चालले असते. मला तसे वाटत नाही. ताईची बदनामी सगळ्यांसमोर झाली होती, ती सगळ्यांसमोरच पुसायला हवी होती. आपली पन्नास वर्षांची इज्जत पणाला लावून हे करणारी माणसे मी फार पाहिली नाहीत. मी वर्गात चुकले तर आता फळ्याकडे वळून गुपचूप पुसून टाकत नाही. मुलांना सांगते की बाई चुकल्या. हे मामांनी शिकवले.

गेल्या हिवाळ्यात मामा आजारी पडले. ताई काम करते त्याच दवाखान्यात त्यांना ठेवले होते. बरे होतील असेच सगळे म्हणत होते. एका सकाळी अकराला, मी सातवीच्या वर्गावर असताना, ताईचा फोन आला. वर्गात मी फोन घेत नाही. त्या दिवशी घेतला.

"शाळेत सांग आणि निघ. बसची वाट बघू नको, रिक्षा कर. फोन चालू ठेव. मी इथेच आहे," ती म्हणाली. मी खडूच्या हातांनीच निघाले.

मामा शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून ओळखीचे हसले. त्यांना बोलायला त्रास होत होता, म्हणून मीच बोलत बसले. मुलांच्या गमती सांगितल्या. दुपारी पुण्याहून त्यांचा मुलगा आला. ताईने माझ्यासाठी स्टूल ओढले आणि स्वतः पलीकडच्या बाजूला उभी राहिली. साडेचारच्या सुमारास मामा गेले. त्यांचा एक हात ताईच्या हातात होता आणि एक माझ्या. मी वेळेवर पोचले होते.